चौदा रात्रींची पक्की प्रत

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही; छत्तीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत, लोक मला हेच सांगत आले. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, शेजाऱ्यांचे तक्रार अर्ज, फळ्यावरचे सुविचार, सगळं माझ्याच हातचं. काना-मात्रेची चूक दिसली की माझं डोकं फिरायचं, मग ती दुकानाच्या पाटीवर का असेना. त्याच अक्षराने मी माझ्या सुनेचं आणि नातीचं नुकसान केलं. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण पोटात ठेवून ठेवून थकलो.

नात तेव्हा पाच वर्षांची होती. मी तिला पिंगी म्हणतो. पिंगळा असतो ना, ते वीतभर घुबड, रात्री टक्क डोळे उघडून बसणारं, त्यावरून. माणसांना टोपणनावं चिकटवायची खोड मला शाळेपासूनची. सूनबाई म्हणायची की ही पोर रात्र-रात्र झोपत नाही. मी म्हणायचो, मग पिंगीच ती. विनोद झाला, विषय संपला.

पिंगीचे स्वतःचे शब्द थोडे. बाकी सगळं बोलणं लिफ्टचं. माझा मुलगा गावोगावच्या इमारतींत लिफ्ट बसवायचं काम करतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. लेकीला त्याने एकदा नव्या लिफ्टमध्ये फिरवलं, तेव्हापासून ती त्या लिफ्टच्या बाईसारखं बोलते. दूध हवं असलं की पेला पुढे करून म्हणते, "दार उघडत आहे." नको असलं की, "दार बंद होत आहे." खिडकीच्या कट्ट्यावर चमचे उंचीप्रमाणे लावते. त्यातला एक हलवला तर घर डोक्यावर घेते. उशीच्या अभ्र्याची शिवण गालाला लागलेली चालत नाही, फ्रॉकच्या मानेतली चिठ्ठी चालत नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मला ते मुळीच आवडलं नाही. शाळेतल्या बाईंना काय कळतं, असं मी म्हणालो. मी स्वतः आयुष्यभर शाळेतला मास्तर, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, यंत्राने दाखवलेला आकडा उतरवून घ्यायचा. "दिसला तो आकडा लिहायचा बाबा, आवडला तो नाही," असं ती एकदा जेवताना म्हणाली होती. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी म्हणालो, हे तर फळ्यावर लिहिण्यासारखं आहे.

डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत पिंगीला अर्धा तास नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर असू शकेल, पण नीट तपासणी केल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. तपासणी करणारी माणसं चार आणि मुलांची यादी लांबलचक. ज्या घरात परिस्थिती हाताबाहेर गेली आहे त्यांना आधी बोलावतात. सूनबाईने झोपेचं सांगितल्यावर त्यांनी एक तक्ता दिला. चौदा दिवसांचे चौदा कागद, प्रत्येकावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. मूल झोपलेलं असेल तो चौकोन काळा करायचा, जागं असेल तो कोरा ठेवायचा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. "हा मन लावून भरा," त्या म्हणाल्या. "यावरूनच तुमचा नंबर ठरेल."

सूनबाईने चौदा रात्री तो भरला. पंधराव्या दिवशी ते कागद माझ्यासमोर आले आणि मला घामच फुटला. एका रात्रीचे चौकोन भुवयांच्या पेन्सिलीने रंगवलेले. एका कागदावर चहाच्या कपाचं वर्तुळ, एकाचा कोपरा पिंगीने चावलेला. अक्षर उंदरांनी शाईत पाय बुडवून पळावं तसं.

"हे असं डॉक्टरांना देणार तू?" मी म्हणालो.

"वेळच नाही मिळाला बाबा. तुम्ही द्याल का नीट उतरवून? तुमचं अक्षर किती सुंदर आहे." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मला परवा सुट्टी मिळालीये, परवाच जायचंय."

मी खूश झालो, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर कोणी काही लिहून मागत नव्हतं. टेबलावर स्वच्छ कागद ठेवले, पट्टी घेतली, पेन धुतलं.

इथे आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. वर्षातून एकदा तपासणी यायची, आणि तपासणीच्या आधी आम्ही सगळी दफ्तरं पुन्हा लिहायचो. हजेरी, निकाल, सगळ्याची आधी कच्ची आणि मग पक्की प्रत. पक्क्या प्रतीत शाळा जरा बरी दिसायची. गैरहजेरी कमी व्हायची, काठावरची मुलं काठाच्या आत यायची. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नसे, व्यवस्थितपणा म्हणत. आणि या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

पहिली रात्र मी जशीच्या तशी उतरवली. शपथेवर सांगतो. दुसऱ्या रात्रीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, "२.१० ते ५.४० जागी. हसत होती, मग रडली. फ्रिजला गाल लावून उभी. मी चार वाजता तिच्यावर जोरात ओरडले. लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिते."

तिथे माझं पेन थांबलं. परक्या बाईसमोर आपल्या घरातली सून असं लिहून देणार? मी पुढचे कागद चाळले. "आज अजिबात नाही." "नळ. नळ. नळ." "बारा ते तीन झोप, बस." चौदाच्या चौदा रात्री कोऱ्या चौकोनांनी भरलेल्या. नापास विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकासारखे ते कागद माझ्यासमोर पडले होते, आणि नापासाचं प्रगतिपुस्तक पाहून मी काय करायचो ते वर सांगितलंच आहे.

शिवाय मला ते खरंही वाटत नव्हतं. मी याच घरात झोपतो, मधल्या खोलीत, त्यांच्या भिंतीला लागून. मी कधी काही ऐकलं नव्हतं. आता यातली मेख अशी की मला ऐकूच कमी येतं. दिवसा कानात यंत्र असतं. रात्री नऊला ते मी डबीत ठेवतो, आणि मग घरावर वीज पडली तरी मला सकाळी कोणीतरी सांगावं लागतं. एवढी साधी गोष्ट त्या दुपारी मला सुचली नाही. मला वाटलं, दमलेली पोर आहे, नवरा जवळ नाही, अर्ध्या तासाचे तीन तास वाटत असतील.

आणखी एक होतं, आणि ते मी स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक झालो त्याच वर्षी आमच्या तिसरीत एक मुलगी होती. वर्गात सारखी पेंगायची. मी तिचं नाव डुलकी ठेवलं. मग सगळी शाळा तिला डुलकी म्हणायला लागली, तिचा भाऊसुद्धा. बाकावर खडू एका रेषेत लावायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची नाही, आपण बोललो तेच परत म्हणायची. वर्षाच्या शेवटी तिच्या दाखल्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात शेरा लिहिला: वर्गात झोपते, बुद्धी मंद, नेहमीच्या शाळेस अयोग्य. त्या शेऱ्यावर तीन शाळांनी तिला दारातून परत पाठवलं. तिचा बाप माझ्याकडे आला, हात जोडून म्हणाला, सर, तेवढी ओळ काढा. मी म्हणालो, शाईने लिहिलेलं निघत नाही. मुलगी दाराबाहेर भिंतीला गाल लावून उभी होती.

तेव्हा कागदावरची एक ओळ माणसाचं काय करते ते मला माहीत होतं. पिंगीच्या कपाळी असली ओळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. तिच्यासाठीच करतोय, असं मला वाटत होतं. आजही ते पुरतं खोटं वाटत नाही, म्हणूनच जास्त बोचतं.

मग मी चौकोन काळे करायला लागलो. पहिली रात्रही नव्या कागदावर पुन्हा लिहिली. सगळेच काळे केले नाहीत, तेवढा मी मुरलेला होतो. सगळंच गुळगुळीत दिसलं की तपासणीसाला संशय येतो. इथे अर्ध्या तासाची जाग, तिथे पाणी प्यायला उठली, एक रात्र सर्दीमुळे अस्वस्थ. ओरडल्याची ओळ गाळली. चौदा रात्रींची सरासरी नऊ तासांवर आणून ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं, "एकंदरीत समाधानकारक." कागद लखोट्यात घालून लखोटा चिकटवला. कच्चे कागद मात्र फाडले नाहीत. मूळ कागद कधी नष्ट करायचा नाही, हीही शाळेचीच शिस्त.

दवाखान्यात मीही बरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी लखोटा फोडला, कागद पाहून कौतुकाने म्हणाल्या, "इतका सुबक तक्ता पहिल्यांदाच पाहतेय." मला, काय सांगू, बरं वाटलं. मग त्यांनी चौकोन मोजले.

"झोप नऊ तासांच्या आसपास दिसते. या वयाला जरा कमी, पण काळजी करण्यासारखी नाही."

"नऊ?" सूनबाई म्हणाली. "नाही हो डॉक्टर, ती तीन-तीन तास जागी असते. कधी कधी पहाटेपर्यंत."

डॉक्टरबाईंनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. सूनबाई बघत राहिली. एका चौकोनावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आजही मला तो चेहरा दिसतो. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, मी असंच लिहिलं होतं?"

तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी तिला कळलं असतं. पण समोर डॉक्टरबाई, त्यांच्या हातात माझी पक्की प्रत, नुकतंच झालेलं कौतुक. मी म्हणालो, "होतं तसंच उतरवलंय मी."

सूनबाई माझ्या शब्दावर कधी शंका घेत नसे. पत्त्यात स्वल्पविराम चुकला म्हणून पोस्टातून पत्र घेऊन परत आलेला माणूस मी. मी रात्रीचा दिवस कसा करेन? मग चूक कोणाची? तिचीच. ती हळूच म्हणाली, "मग मी उलटं रंगवलं असेन. जागी असेल तेव्हा काळं. झोपेत भरायचे ना मी."

"उलटं असतं तर दिवसाचे चौकोनही उलटे झाले असते," डॉक्टरबाई सौम्यपणे म्हणाल्या. "तुम्ही खूप थकला आहात. दमलेल्या माणसाला रात्र फार लांब वाटते. तुम्ही विश्रांती घ्या, आणि हिला आपण नेहमीच्या यादीत ठेवू."

नेहमीची यादी म्हणजे नऊ महिने.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कच्चे कागद आहेत का हो?" मी म्हणालो, रद्दीत गेले. ते तेव्हा माझ्या कपाटात, दोरी बांधलेल्या फाइलमध्ये होते. पहिल्या खोट्याला दुसरं लागलंच. मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं की डॉक्टर म्हणाल्या काळजीचं काही नाही. तो तिला म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो, तू जरा जास्तच मनावर घेतेस." ती "हं" म्हणाली. तिचं ते "हं" मला यंत्रातून स्पष्ट ऐकू आलं.

दोन महिन्यांनी एक दिवस ती दुपारीच घरी आली. दोन नळ्यांवरची नावं तिच्या हातून अदलाबदल झाली होती. रक्तगट जुन्या नोंदीशी जुळेना म्हणून वेळीच लक्षात आलं, कोणाला काही झालं नाही. पण तिला नळ्यांवरून काढून बाहेर पावत्या देण्याच्या खिडकीवर बसवलं. चौदा वर्षं तिने त्या टेबलावर काढली होती.

"मला दिसतं एक आणि हात करतो दुसरंच," ती म्हणाली. "त्या तक्त्यातही तेच झालं होतं ना."

तेव्हाही मी बोललो नाही. आपला अपराध कबूल करायला मुलांना वर्गासमोर उभं करणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी तिच्यासाठी चहा ठेवला. चहाने काय होतंय?

आठव्या महिन्यात एका रात्री मी बातम्या ऐकता ऐकता झोपलो आणि यंत्र कानातच राहिलं. जाग आली ती कोणीतरी भिंतीवर थाप मारतंय म्हणून. थाप नव्हती ती. पळणारी पावलं होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. मग नळ सुरू झाला, बंद झाला, सुरू झाला. मग पिंगीचा आवाज, एका सुरात, न थांबता: "दार उघडत आहे. दार बंद होत आहे. दार उघडत आहे." घड्याळात सव्वादोन झाले होते.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सूनबाई फरशीवर बसली होती, पाठ फ्रिजला टेकलेली, डोळे मिटलेले, एक हात पुढे पसरलेला. पिंगी प्रत्येक फेरीला त्या हाताला हात लावून परत फिरत होती. मला पाहिल्यावर सूनबाई दचकली.

"तुम्ही झोपा बाबा. आत्ताच उठलीये ती."

"कधीपासून आहे हे?"

"काय माहीत. मला रात्रीचं नीट कळत नाही."

मी पलंगावर येऊन बसलो. यंत्र काढलं नाही. पिंगी पावणेसहाला झोपली. त्या साडेतीन तासांत मी एकेक चौकोन पुन्हा कोरा होताना पाहिला. ती दुसरी रात्र, तिसरी, "आज अजिबात नाही" वाली. सगळ्या तिने खऱ्या लिहिल्या होत्या. ती आत जागी होती, मी भिंतीच्या अलीकडे घोरत होतो, आणि तिच्या रात्री मी झोपेच्या म्हणून लिहून दिल्या.

तरी माझ्या तोंडाचं कुलूप उघडायला आणखी तीन आठवडे गेले. दवाखान्यातून नवा तक्ता आला. या वेळी सूनबाईने तो मला दाखवला नाही; सकाळी कामावर जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर स्वतःच भरत होती. मी मागून पाहिलं. आदल्या रात्री मी यंत्र लावूनच पडलो होतो. पिंगी एकपासून साडेचारपर्यंत जागी होती. सूनबाईने अडीचपासूनचे चौकोन काळे केले होते.

"अगं, साडेचारपर्यंत जागी होती ती. मी ऐकलं."

"असेल." तिने पेन्सिल थांबवली नाही. "मला वाटतं त्याच्या निम्मं लिहिते मी हल्ली. मागच्या वेळी बघितलं ना काय झालं. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला बाबा."

हे ती रडत म्हणाली असती तर मी कदाचित तिची समजूत घालून सुटलो असतो. पण तिने ते सरळ, सवयीचं झाल्यासारखं सांगितलं. दिसला तो आकडा लिहिणारी बाई आता दिसलेल्याच्या निम्मं लिहीत होती, आणि हे तिला मी शिकवलं होतं.

मी कपाटातून फाइल आणली, दोरी सोडली आणि चौदा कागद तिच्यापुढे ठेवले. "मी बदललं होतं सगळं," मी म्हणालो. "तू बरोबर लिहिलं होतंस."

तिने एकेक कागद उचलून वाचला. भुवयांची पेन्सिल, चहाचं वर्तुळ, चावलेला कोपरा. मी शिव्याशापांची वाट पाहत उभा होतो, मला ते हवेच होते. शेवटचा कागद ठेवून ती म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं." आणि तिने मोठा श्वास सोडला. तिचा पहिला विचार रागाचा नव्हता. नऊ महिने ती स्वतःला वेडी समजत होती आणि आता सुटली होती. राग नंतर आला, आणि तोही मोठ्या आवाजात नाही.

"का केलंत?"

मी डुलकीचं सांगितलं, दाखल्याचं, तीन शाळांचं. पिंगीच्या नावापुढे शेरा येऊ नये म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ती मुलगी रात्री झोपत होती का, विचारलंत तुम्ही तिच्या वडिलांना?"

नव्हतं विचारलं. सत्तावीस वर्षांत मला हा प्रश्न पडलाही नव्हता.

"तुम्ही कागद चांगला केलात बाबा," ती म्हणाली. "त्याने माझी पोर झोपली नाही."

ती कामावर निघून गेली. जाताना तिने फाइल स्वतःच्या पिशवीत टाकली.

दवाखान्यात या वेळी मी स्वतःहून बोललो. डॉक्टरबाईंनी दोन्ही प्रती शेजारी-शेजारी ठेवल्या, माझी सुबक आणि तिची मळकी. मला त्या काही लागेल असं बोलल्या नाहीत. मळके कागद मात्र त्यांनी फार सावकाश वाचले आणि दुसऱ्या रात्रीपाशी थांबल्या.

"मी ओरडले, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

"हो. चुकलं का?"

"नाही हो. असं लिहिणारी आई मला क्वचित भेटते. ही एक ओळ जरी माझ्यासमोर आली असती ना, तरी मी तुम्हाला त्याच आठवड्यात बोलावलं असतं."

माझं पेन ज्या ओळीपाशी थांबलं होतं आणि जी मी गाळली, ती हीच.

तपासणी झाली. पिंगी स्पेक्ट्रमवर आहे. अशा पुष्कळ मुलांना झोपेचा त्रास असतो, त्यात आईचा दोष नाही, हे डॉक्टरबाईंनी सूनबाईला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिच्या हातावर हात ठेवून. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, यांतली काही मुलं दिवसा वर्गात पेंगतात आणि मास्तर त्यांना मंद समजतात. त्या सहज बोलल्या, त्यांना माझं काय ठाऊक. मी पिंगीच्या बुटांचे बंद सोडून पुन्हा बांधत बसलो.

आता संध्याकाळी सातनंतर घरातले मोठे दिवे बंद होतात. उशीचे अभ्रे बिनशिवणीचे आहेत. पिंगीचा बिछाना फ्रिजच्या आवाजाजवळच्या खोलीत हलवला आहे, कारण ती घरघर तिला आवडते असं दिसून आलं. डॉक्टरबाईंनी औषधही दिलं आहे, अगदी थोडं, तक्ता बघून कमी-जास्त करतात. ती सहा तास झोपते, एखाद्या रात्री सात. आधी सुरू केलं असतं तर, हा हिशोब डॉक्टरबाईंनी मांडला नाही. तो माझा मी मांडतो. सूनबाईला नळ्यांच्या टेबलावर अजून परत घेतलेलं नाही. डुलकी कुठे असेल ते मला माहीत नाही. तिचं खरं नाव आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला, आठवत नाही. पिंगीला मी आता तिच्या नावाने हाक मारतो. ती त्याला उत्तर देत नाही, पूर्वीही देत नव्हती.

सूनबाईने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. एकच गोष्ट मागितली: "रात्री यंत्र काढत जाऊ नका." तीननंतरची पाळी माझी. उशीवर कान टेकला की यंत्र शिट्टी वाजवतं, म्हणून मी उताणा पडतो. पिंगी उठली की स्वयंपाकघराच्या फरशीवर बसतो, हात पुढे पसरतो. माझ्या हाताला ती अजून हात लावत नाही, वळसा घालून जाते. तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो. माझ्या तासांचे चौकोन मी भरतो, मिळेल त्या पेन्सिलीने, वेडेवाकडे.

सकाळी सूनबाई चहाचा कप घेऊन तक्त्यापुढे उभी राहते आणि माझ्या चौकोनांवर बोट ठेवते.

"साडेतीन ते साडेचार जागी. नळाशी होती. नक्की ना बाबा?"

"नक्की," मी म्हणतो.

ती मान हलवते. मग बेसिनपाशी जाते, आत बोट फिरवते आणि ते ओलं आहे का बघते.